‘हेल्थ’ शंभर टक्के, तरी ड्राइव्ह बंद

नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या सर्व्हरच्या ग्राहकांना एक सूचना पाठवली. कंपनीने विकलेले काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालले की बंद पडतील, असे तीत म्हटले होते. हिशोबही करून दिला होता: ३ वर्षे, २७० दिवस, ८ तास. त्यानंतर ड्राइव्ह हाती लागणार नाही आणि त्यातला डेटाही नाही. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी जातील, हेही लिहिलेले होते. एक ड्राइव्ह गेला तर दुसरा सांभाळून घेईल या भरवशावर ज्यांनी रेड उभारले होते, त्यांच्या दृष्टीने सगळ्यात भयंकर गोष्ट हीच होती.

आकडा पाहताच प्रोग्रामरच्या डोळ्यांपुढे कारण उभे राहते. ३२,७६८ हा दोनाचा पंधरावा घात. ऋण-धन दोन्ही धरणाऱ्या सोळा बिटांच्या संख्येत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. त्यात एक मिळवला की संख्या उलटून उणे होते. मार्च २०२० मध्ये दुसरी सूचना आली, या वेळी ४०,००० तासांची, म्हणजे ४ वर्षे, २०६ दिवस, १६ तास. डेलनेही आपल्याकडच्या सॅनडिस्कच्या ड्राइव्हबद्दल तसाच इशारा दिला आणि कारणही सांगितले. एका चक्राकार बफरचा क्रमांक तपासताना कमाल मर्यादा जेवढी हवी होती, त्यापेक्षा एकाने कमी धरली गेली होती. फ्लॅश चिपा शाबूत, सर्किट शाबूत आणि एका ओळीतल्या एका अंकाने सगळे संपले असते. ज्यांनी मुदत उलटण्याआधी दुरुस्त फर्मवेअर घातले, त्यांचे संपले नाही.

एसएसडीबद्दल आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुतेक झिजेची असते. किती टीबी लिहून झाले, हेल्थ किती टक्के उरली, अजून किती वर्षे चालेल? ही चिंता खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी खर्च होते आहे, असे माझे मत आहे. घरातल्या आणि कचेरीतल्या संगणकांत झीज पूर्ण होऊन मेलेला एसएसडी क्वचित सापडतो. कंट्रोलर, त्याचे फर्मवेअर, अचानक गेलेली वीज आणि ढिली जोडणी यांनी मेलेले किंवा मेल्यासारखे वाटणारे ड्राइव्ह पुष्कळ. म्हणून बिघाड शोधण्याची सुरुवातच वेगळ्या प्रश्नाने करायला हवी.

त्यासाठी आत काय चालते ते थोडे पाहू. फ्लॅश स्मृती ही तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांची देणगी. नँड प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. या स्मृतीत लिहिता येते लहान पानांत, पण पुसता येते ती अशा शेकडो पानांच्या मोठ्या ब्लॉकने. लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही. त्यामुळे विंडोज ‘अमुक क्रमांकाच्या जागी लिही’ म्हणते तेव्हा ड्राइव्ह ते दुसऱ्याच रिकाम्या पानावर लिहितो आणि कुठे लिहिले याची नोंद एका तक्त्यात ठेवतो. जुन्या पानांची साफसफाई, सगळ्या ब्लॉकवर झीज सारखी वाटून देणे, वाचताना चुकलेले बिट दुरुस्त करणे, खराब ब्लॉकच्या जागी राखीव ब्लॉक आणणे ही सगळी कामे कंट्रोलर करतो आणि ती कशी करायची ते फर्मवेअर सांगते. एसएसडी हा अख्खा वेगळा संगणकच आहे. त्याचा तक्ता हरवला, तर चिपांतले प्रत्येक बिट जागच्या जागी असूनही तुमच्या फायली कुठेच नसतात.

आता त्या प्रसिद्ध टक्केवारीकडे वळू. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडले की निळ्या चौकटीत ‘गुड ९८%’ दिसते. एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये हा आकडा ‘पर्सेंटेज यूज्ड’ या नोंदीवरून काढलेला असतो आणि ती नोंद म्हणजे कंपनीने गृहीत धरलेल्या आयुष्यापैकी किती लिखाण झाले याचा अंदाज. तो १०० वर थांबत नाही. २५५ पर्यंत जाऊ शकतो आणि शंभरी ओलांडलेले ड्राइव्ह चालत राहिलेले लोकांनी पाहिले आहेत. टायरची नक्षी किती उरली यावरून गाडीचे ब्रेक कळत नाहीत, तसेच हे आहे. एक उदाहरण मांडून पाहा. ‘डेटा युनिट्स रिटन’ या नोंदीत ३,९०,६२,५०० हा आकडा आहे. एक युनिट ५,१२,००० बाइटचे असते. गुणाकार केला की बरोबर २० टीबी येतात. एक टीबीच्या सॅमसंग ९८० प्रोवर ६०० टीबी लिखाणाची हमी असते. रोज २० जीबी लिहिले, तर ती हमी ३०,००० दिवस पुरेल, म्हणजे ८० वर्षांहून जास्त. एवढ्या काळात तो संगणक, त्याचा मालक आणि ती कंपनी यांचे काय होईल सांगता येत नाही, पण झिजेने ड्राइव्ह जाणार नाही.

‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाने २०१३ पासून सहा ड्राइव्हवर रात्रंदिवस लिखाण चालू ठेवून हे प्रत्यक्ष दाखवले. सहाही ड्राइव्ह ७०० टीबीच्या पुढे गेले आणि शेवटचा, सॅमसंगचा ८४० प्रो, २.४ पेटाबाइटपर्यंत टिकला. त्यातली बारीक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. इंटेलचा ३३५ हा ड्राइव्ह सातशेच्या पुढे गेल्यावर ठरवून दिल्याप्रमाणे मिटला. पुन्हा चालू केल्यावर तो डेटा वाचूही देईना. आयुष्याच्या शेवटी कसे वागायचे हेदेखील फर्मवेअरच ठरवते.

मोठ्या प्रमाणावरच्या पाहण्यांचा सूरही हाच आहे. गुगलच्या डेटा केंद्रांतल्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून बियांका श्रोडर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निबंध मांडला. त्यात पहिल्या चार वर्षांत २० ते ६३ टक्के ड्राइव्हना किमान एकदा दुरुस्त न होणारी चूक आल्याचे आढळले. हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी बदलावे कमी लागले, पण अशा चुका त्यांच्यात जास्त होत्या. श्रोडर यांच्याच गटाने २०२० मध्ये नेटअॅपच्या सुमारे १४ लाख ड्राइव्हची पाहणी केली. जुन्या फर्मवेअरवर चाललेले ड्राइव्ह नव्या फर्मवेअरवरच्या ड्राइव्हपेक्षा बरेच जास्त वेळा बदलावे लागले होते आणि बहुसंख्य ड्राइव्ह झिजेच्या मर्यादेच्या जवळपासही पोचले नव्हते. ज्याला या विषयातला एकच निष्कर्ष लक्षात ठेवायचा असेल त्याने हा ठेवावा.

फर्मवेअरच्या चुकांचा इतिहास पाहिला तर त्यांची रूपे मोजकीच निघतात. घड्याळाचे रूप वर आलेच. त्याचा सौम्य अवतार क्रुशलच्या एम४ मध्ये २०१२ च्या जानेवारीत दिसला होता. चालू राहण्याचे ५,१८४ तास भरले, म्हणजे अखंड २१६ दिवस झाले, की ड्राइव्ह गप्प बसायचा, संगणक निळा पडायचा. बंद करून चालू केला की तासभर चालायचा आणि पुन्हा गप्प. दोष होता ‘स्मार्ट’च्या एका मोजणीला मिळणाऱ्या चुकीच्या प्रतिसादात. ज्या यंत्रणेने ड्राइव्हची तब्येत सांगायची तीच आजारी होती. ०३०९ क्रमांकाच्या फर्मवेअरने तो दोष गेला आणि डेटा वाचला. आजही एखादा संगणक ठरावीक अंतराने अडकत असेल, तर पहिली शंका इकडे घ्यावी. झिजलेला सेल घड्याळ पाहून चुकत नाही.

दुसरे रूप वीज जाण्याचे. इंटेलचा ३२० हा ड्राइव्ह २०११ मध्ये बदनाम झाला तो यामुळे. वीज अचानक गेली की पुढच्या वेळी काही ड्राइव्ह स्वतःची क्षमता अवघी ८ एमबी सांगत. इंटेलने ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली. पुढे २०१३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी पंधरा एसएसडींची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडून पाहिली. त्यांपैकी तेरा या ना त्या प्रकारे चुकले. कुणाचे बिट बिघडले, कुणाचे लिखाण अर्धवट राहिले, एक तर कायमचा गेला. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रयोग परका वाटू नये. तालुक्याच्या गावी सेतू केंद्रात किंवा दुकानात यूपीएसशिवाय चालणारा पीसी हीच परीक्षा वर्षभर देत असतो. महागड्या सर्व्हर-ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर हातातले काम पुरे करण्यापुरते कपॅसिटर असतात. घरगुती ड्राइव्हमध्ये ते बहुधा नसतात. आपल्या ड्राइव्हने असे किती धक्के खाल्ले ते ‘अनसेफ शटडाउन्स’ या नोंदीत लिहिलेले असते. हेल्थच्या टक्केवारीआधी मी हा आकडा पाहतो. ड्राइव्ह चालू केल्याच्या एकूण संख्येच्या निम्म्याहून तो मोठा निघाला, तर नव्या ड्राइव्हआधी यूपीएस घ्यावा.

तिसरे रूप हळू हळू होणाऱ्या ऱ्हासाचे आणि ते ओळखायला सगळ्यात अवघड. सॅमसंगच्या ८४० इव्होत नवा डेटा झपाट्याने वाचला जाई, पण काही आठवडे-महिने न हललेल्या फायली रेंगाळत. एका सेलमध्ये तीन बिट ठेवायचे तर विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. भार काळाबरोबर किंचित ओसरतो आणि पातळ्या सरकतात. सरकलेल्या पातळीचा नीट अंदाज फर्मवेअरला बांधता येत नव्हता, म्हणून ते पुन्हा पुन्हा वाचून पाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेला उपाय पुरला नाही, दुखणे उलटले. एप्रिल २०१५ च्या फर्मवेअरने जुना डेटा अधूनमधून पुन्हा लिहून ताजा करण्याची सोय केली. आता चार बिटांचे क्यूएलसी सेल सर्रास झाले आहेत, त्यांत सोळा पातळ्या असतात. म्हणजे फर्मवेअरवरचा भार वाढलाच आहे.

चौथ्या रूपात हेल्थचा आकडाच भरकटतो. सॅमसंगच्या ९९० प्रोच्या ग्राहकांना २०२३ च्या सुरुवातीला जेमतेम वापरातच टक्केवारी घसरताना दिसली. फेब्रुवारीत आलेल्या फर्मवेअरने घसरण थांबली, गेलेले टक्के मात्र परत आले नाहीत. त्याच सुमारास दोन टीबीचे काही ९८० प्रो अचानक फक्त वाचण्यापुरते उरत होते. तिथेही नवे फर्मवेअर पुढचे नुकसान रोखणारे होते, झालेले भरून काढणारे नव्हते. ‘अपडेट मारला तरी सुधारला नाही’ अशी तक्रार ऐकू येते तिच्यामागे पुष्कळदा हेच असते. लस आणि औषध यांत जो फरक आहे, तो इथे कंपन्यांनी कधी नीट समजावून सांगितलेला नाही.

मात्र प्रत्येक वेळी फर्मवेअरलाच दोषी धरणेही घाईचे ठरते. अल्गोलिया या सर्च कंपनीच्या सर्व्हरवर २०१५ मध्ये फायलींच्या मधोमध ५१२ बाइटचे तुकडे शून्यांनी भरलेले सापडू लागले. संशय सॅमसंगच्या ड्राइव्हवर गेला आणि जगभर बोभाटा झाला. सॅमसंगच्या अभियंत्यांनी खोदून पाहिले तेव्हा चूक निघाली लिनक्सच्या कर्नलमध्ये. रिकाम्या झालेल्या जागा पुसायला सांगणारी ट्रिमची आज्ञा रेडवर वाटून देताना ती चुकीच्या जागा पुसत होती. उलट बाजूचे उदाहरण ऑगस्ट २०२५ चे. विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर मोठी फाइल लिहिताना ड्राइव्ह गायब होतात, अशा तक्रारी जपानमधून सुरू झाल्या. मायक्रोसॉफ्टला अपडेटशी संबंध सापडला नाही. कंट्रोलर बनवणाऱ्या फायसनने साडेचार हजार तास चाचण्या घेतल्याचे सांगितले, तरी दोष दिसेना. शेवटी काही ड्राइव्हवर बाजारात न येणारे, चाचणीसाठीचे कच्चे फर्मवेअर असल्याचे पुढे आले. दोन्ही प्रकरणांत पहिल्या आठवड्यातला लोकांचा निकाल चुकला होता.

मग आपला ड्राइव्ह कुरकुरू लागला तर काय करावे? दिसत असेल तर आधी डेटा बाहेर काढावा. चेक-डिस्क नको, फॉरमॅट नको, अपडेटही नको. तपासणीच्या उत्साहात शेवटची संधी घालवलेली माणसे मी पाहिली आहेत. डेटा सुरक्षित झाला की जोडणीकडे वळावे. साटा ड्राइव्ह असेल तर ‘स्मार्ट’मधली १९९ क्रमांकाची सीआरसी नोंद पाहावी. ती वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो आणि शंभर-दीडशे रुपयांत मिटतो. एम.२ ड्राइव्ह काढून, सरळ बसवून, जमल्यास दुसऱ्या संगणकात लावून पाहावा. ५ आणि १८७ क्रमांकाच्या नोंदी, किंवा एनव्हीएमईवर ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ ही नोंद, शून्याहून मोठ्या असतील आणि वाढत असतील, तर चिपांचे दुखणे खरे आहे. तिथे फर्मवेअरच्या मागे न लागता वॉरंटीकडे जावे.

या नोंदी स्वच्छ असूनही संगणक अर्धा-अर्धा मिनिट अडकतो, ही अवस्था खास फर्मवेअरची किंवा वीजबचतीची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांकाची नोंद रांगेने दिसते: ड्राइव्हने उत्तर दिले नाही म्हणून त्याला रिसेट करावे लागले, असा तिचा अर्थ. लिनक्सवर ‘कंट्रोलर इज डाउन’ असा संदेश येतो. ड्राइव्ह झोपेतून वेळेवर उठत नाही, असे यात पुष्कळदा निघते. वीजबचतीच्या खोल पायऱ्या बंद करून दोन दिवस वापरावा. अडकणे थांबले तर दोषी सापडला. त्यानंतर मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती टिपून घ्यावी आणि कंपनीच्या संकेतस्थळावर पुढची आवृत्ती आहे का ते पाहावे. लॅपटॉपसोबत आलेल्या ड्राइव्हचे फर्मवेअर बहुधा लॅपटॉपची कंपनी देते, ड्राइव्हची नव्हे. दुकानातल्या मॉडेलची फाइल त्याला चालत नाही. लिनक्सवाल्यांना एफडब्ल्यूअपडीतून काही कंपन्यांची फर्मवेअर थेट मिळतात. अपडेट करताना ड्राइव्ह मदरबोर्डलाच जोडलेला असावा, यूएसबीच्या डब्यातून या आज्ञा बहुधा पोचत नाहीत. आणि लाइट जाण्याची शक्यता असेल त्या वेळी हे काम काढूच नये.

ड्राइव्ह अजिबात दिसत नसेल, तरी एक उपाय करून पाहण्यासारखा आहे. क्रुशलने तो स्वतः सुचवला होता: ड्राइव्हला फक्त वीज द्यायची, डेटाची जोडणी काढून ठेवायची, वीस मिनिटे तसेच ठेवायचे, अर्धा मिनिट बंद करायचे आणि पुन्हा तेच. वीज जाऊन विस्कटलेला तक्ता फर्मवेअरला या वेळात पुन्हा उभारता आला, तर ड्राइव्ह परत येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ड्राइव्ह घेऊन गेलेल्या अनेकांना ‘साटाफर्म एस११’ हे नाव भेटले असेल. काल स्वस्तातल्या कंपनीचे नाव दाखवणारा ड्राइव्ह आज बायोसमध्ये हे नाव दाखवतो. फायसनचा एस११ कंट्रोलर चालू होताना आधी स्वतःतला छोटा कायम कोड चालवतो आणि मग मोठे फर्मवेअर फ्लॅशमधून वाचून घेतो. ते वाचता आले नाही की तो अडखळून याच नावावर थांबतो. इंटरनेटवर कारखान्यातली साधने फिरत असतात, ती वापरून फर्मवेअर नव्याने भरता येते आणि ड्राइव्ह ‘जिवंत’ होतो. पण त्या खटाटोपात तक्ता नव्याने आखला जातो आणि जुना डेटा गेला म्हणजे गेलाच. लग्नाचे फोटो किंवा दुकानाचा हिशोब हवा असेल, तर दुरुस्तीवाल्याला काम देण्याआधी हे स्पष्ट विचारावे: ड्राइव्ह चालू करून देणार की डेटा काढून देणार? दोन कामे वेगळी आहेत, खर्चही वेगळा. बिघाड ज्या फ्लॅशमुळे झाला ती तशीच असते, म्हणून असा परतलेला ड्राइव्ह महत्त्वाच्या कामाला लावू नये.

कपाटात ठेवलेल्या ड्राइव्हविषयीही दोन शब्द. जेडेकच्या मानकानुसार ठरलेले लिखाण पूर्ण झालेल्या घरगुती ड्राइव्हने विजेशिवाय ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा धरला पाहिजे. नवा ड्राइव्ह याहून खूप जास्त काळ धरतो. पण बंद ड्राइव्हमधला भार उष्णतेने लवकर ओसरतो आणि विदर्भातल्या मे महिन्यात कपाट ३० अंशांवर राहत नाही. वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी हार्ड डिस्कच बरी.

कंपन्यांकडून मात्र ग्राहकाला फार थोडे मिळते. सर्व्हरच्या ग्राहकाला तास मोजून इशारा जातो. घरगुती ड्राइव्हच्या फर्मवेअरसोबत ‘स्थैर्यात सुधारणा’ एवढीच ओळ असते, तीही शोधून वाचावी लागते. एकाच मॉडेलच्या नावाखाली आतल्या चिपा बदलतात. क्रुशलच्या पी२ मध्ये २०२१ साली तीन बिटांच्या सेलच्या जागी चार बिटांचे आले आणि खोका तोच राहिला. वॉरंटीत ड्राइव्ह दिला की बदली मिळतो, जुन्यातला डेटा मिळत नाही, उलट तो अनोळखी हातांत जातो. मॉडेलचे नाव, फर्मवेअरची आवृत्ती आणि माहीत असलेले दोष यांची उघड यादी ठेवणे कुठल्याही कंपनीला कठीण नाही. नोंदणी केलेल्या ग्राहकाचा ईमेल पत्ता तिच्याकडे असतोच. ती यादी मिळेपर्यंत आवृत्ती आपणच पाहायची आहे. काही ड्राइव्हच्या लेबलवर ‘एफडब्ल्यू’ या अक्षरांपुढे ती छापलेली असते, बाकीच्यांत क्रिस्टलडिस्कइन्फोच्या पहिल्याच पडद्यावर, मॉडेलच्या नावाखाली.